शाखेमागे नऊ कर्जं

भिवंडीत धामणकर नाक्यावर उभं राहून घरांच्या छपरांकडे बघा आणि मग तुमची सिनॉप्सिस उघडा. विषय घरगुती सौरऊर्जेचं अर्थसाहाय्य असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य बहुधा सापडेल: बँक अधिकाऱ्यांना हे तंत्रज्ञान समजत नाही, म्हणून ते कर्ज देत नाहीत, म्हणून त्यांना प्रशिक्षण द्यायला हवं. माझ्या पहिल्या मसुद्यातही ते होतं. आधाराला दिलेलं उदाहरणही ठरलेलंच, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने म्हणजे युनेपने २००३ मध्ये दक्षिण भारतात सुरू केलेली सौरकर्ज योजना. आज तेच उदाहरण जरा उलटून-पालटून बघू.

योजना साधी होती. कॅनरा बँक आणि सिंडिकेट बँक, त्यांच्याशी जोडलेल्या ग्रामीण बँका, शाखा व्यवस्थापकांसाठी प्रशिक्षण, निवडक विक्रेते आणि कर्जदाराला व्याजात सवलत. सुरुवातीला साधारण १२ टक्क्यांचं व्याज ५ टक्क्यांपर्यंत खाली आलं. एक पॅनेल, एक बॅटरी, दोन-चार दिवे, एवढाच संच. पुढे सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली. २००७ पर्यंतचा हिशेब युनेपने मांडला तो असा: २ हजारांहून जास्त शाखा, १८ हजारांच्या आसपास कर्जं, सुमारे १ लाख लोकांना लाभ.

आता कॅल्क्युलेटर काढा. १ लाख भागिले १८ हजार, साडेपाच. म्हणजे माणसं कुणी मोजलेली दिसत नाहीत, घरांना कुटुंबाच्या सरासरी आकाराने गुणलेलं दिसतं. यात फसवणूक नाही, पण हा आकडा 'लाभार्थी' म्हणून उद्धृत करताना तुम्ही मोजमाप नव्हे, गुणाकार उद्धृत करताय. दुसरा भागाकार जास्त बोचतो. १८ हजार भागिले २ हजार. शाखेमागे नऊ कर्जं, तीही साऱ्या कालावधीत मिळून, वर्षाला दोन-तीन. शिवाय ही सरासरी. काही शाखांनी पन्नास दिली असतील तर बऱ्याच शाखांनी एकही दिलं नसेल. प्रशिक्षणाने खरंच काही बदललं असेल, तर ते या दोन प्रकारच्या शाखांमधल्या फरकात सापडेल. एकूण बेरजेत तो फरक दिसत नाही.

त्याहून मोठी अडचण रचनेची आहे. प्रशिक्षण आणि व्याजसवलत एकाच वेळी आली. कर्जं वाढली ती अधिकाऱ्याला बॅटरी कळली म्हणून, की हप्ता स्वस्त झाला म्हणून? एकत्र दिलेल्या दोन औषधांतलं कोणतं लागू पडलं, हे रोगी बरा झाल्यावर सांगता येत नाही. सवलत संपल्यावरही ज्या शाखांनी कर्ज देणं चालू ठेवलं, त्या मला खऱ्या पुराव्याच्या वाटतात. योजनेवर माझा राग नाही, उलट बाजारातल्या बँकांना यात आणण्याची कल्पना धाडसी होती. माझी तक्रार आपल्यासारख्या वाचणाऱ्यांबद्दल आहे.

कारण 'अधिकाऱ्याला कळत नाही' हे गृहीतक आपल्याला सोयीचं आहे. त्या काळच्या संचातली बॅटरी तीन ते पाच वर्षांत दमायची आणि कर्जाची मुदतही साधारण तेवढीच असायची. दिवा बंद पडला की हप्ताही बंद पडेल, ही भीती अडाणीपणातून येत नव्हती, हिशेबातून येत होती. तिचं उत्तर दुरुस्तीला येणारा माणूस हेच होतं. १९९५ पासून कर्नाटकात काम करणारी सेल्को विक्रीपश्चात सेवेवर एवढा भर का देते, ते इथे कळतं. तिचे हरीश हांडे सांगतात ते फेरीवाल्याचं उदाहरणही याच जातीचं: महिन्याला ३०० रुपये जड, पण रोजचे १० चालतात. इथे शिकायचं बँकेलाच होतं, पण पॅनेलबद्दल नव्हे, माणसाच्या कमाईबद्दल.

आता परत नाक्यावर या. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि तारणाशिवाय स्वस्त कर्जही. बॅटरीची धास्ती फारशी उरली नाही, कारण यंत्रणा ग्रिडला जोडलेली असते. पण अर्जदाराचं स्वतःचं घर आणि पॅनेलजोगं छप्पर लागतं. ३ किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट. यंत्रमागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी घेणारा आणि एका खोलीत भाड्याने राहणारा माणूस पहिल्याच रकान्यात अडकतो. ज्याच्याकडे मालकी आहे त्याच्याही इमारतीचं काय? याच नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. अशा वस्तीत अधिकारी कर्जाच्या फाईलवर थबकला, तर त्याला सौरघटाचं कार्य समजावणारी दोन दिवसांची कार्यशाळा काय देणार? त्याला लागतो तो इमारतीच्या मजबुतीचा दाखला आणि भाडेकरूला सामावून घेणारा नियम.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न 'आपणास सौर कर्ज योजनांची माहिती आहे का?' असा असेल, तर तो खाली ढकला. नाकारलेल्या दहा अर्जांची कारणं मागा, नावं झाकून. आणि घरोघरी जाल तेव्हा आधी एवढंच विचारा, या छपराचा कागद कुणाच्या नावावर आहे?