नॉर्थविंडच्या रेघा आणि तलाठ्याचं दप्तर

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस हे डेटाबेस तयार करण्याचं सॉफ्टवेअर १९९२ साली बाजारात आलं. त्याच्यासोबत ‘नॉर्थविंड ट्रेडर्स’ नावाच्या एका काल्पनिक कंपनीचा नमुना डेटाबेसही आला. खाद्यपदार्थांचा व्यापार करणारी ही कंपनी. तिला ना गोदाम ना गल्ला. पण तेव्हापासून डेटाबेस शिकणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांनी तिच्याच वह्या चाळल्या आहेत. पाठ्यपुस्तकाचं आपण परीक्षण करतो, तसं या नमुन्याचंही करायला हवं. तोही एक धडाच आहे, आणि तो जे शिकवत नाही ते आपल्याकडच्या शाळा-कार्यालयांत फार लागतं.

आधी त्याचे गुण सांगतो. जुन्या नॉर्थविंडमध्ये आठ तक्ते आहेत : ग्राहक, कर्मचारी, ऑर्डरी, ऑर्डरींचा तपशील, वस्तू, वस्तूंचे प्रकार, पुरवठादार आणि मालवाहतूकदार. ग्राहकाचा फोन वगैरे प्रत्येक ऑर्डरीपुढे पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून प्रत्येक ग्राहकाला एक ओळखखूण दिली आहे आणि ऑर्डरीपुढे ती खूण लिहिली आहे. ग्राहकांच्या तक्त्यात ही खूण एकदाच येते. तिथे तिला ‘प्रायमरी की’ म्हणतात. ऑर्डरींच्या तक्त्यात ती कितीही वेळा येऊ शकते; तिथे ती ‘फॉरिन की’. एका ग्राहकाच्या अनेक ऑर्डरी, हे नातं असं दोन तक्त्यांत मिळून नोंदलं जातं.

याहून बारीक गोष्टीही त्यात आहेत. वस्तूंच्या तक्त्यात भाव आहे आणि ऑर्डरींच्या तपशिलातही भाव आहे. मुलं म्हणतात, ही पुनरुक्ती झाली, एक रकाना खोडा. पण पहिला भाव आजचा आहे आणि दुसरा माल विकला त्या दिवसाचा. आज भाव वाढला म्हणून गेल्या वर्षीचं बिल वाढत नाही. तसंच, नॉर्थविंडच्या ९१ ग्राहकांपैकी दोघांनी एकही ऑर्डर दिलेली नाही. दोन्ही तक्ते साध्या पद्धतीने जोडून ग्राहकांची यादी काढली तर ८९ नावं येतात. उरलेले दोघे कुठे गेले, असा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडेल त्याला तक्ते जोडणं म्हणजे काय ते निम्मं समजलं.

माझी तक्रार पुढची आहे. नॉर्थविंडमधली ‘रिलेशनशिप्स’ची खिडकी उघडली की सगळे तक्ते चौकटींत मांडलेले दिसतात. चौकटींना जोडणाऱ्या रेघा असतात, रेघेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला अनंताचं चिन्ह. चित्र सुबक आणि संपूर्ण आहे. ते पाहणाऱ्याची समजूत अशी होते की तक्त्यांमधली नाती म्हणजे या रेघा. प्रत्यक्षात रेघा म्हणजे फाईल बनवणाऱ्याने नात्यांबद्दल केलेलं एक विधान. ते खरं असेल, अपुरं असेल, चुकीचं असेल; आणि पुष्कळदा केलेलंच नसतं. दुसऱ्याने बनवलेला, वारशाने आपल्याकडे आलेला डेटाबेस वाचताना पहिली ठेच इथे लागते.

या गैरसमजाचं मूळ एका शब्दात आहे. ‘रिलेशनल डेटाबेस’ ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात मांडली. त्यातलं ‘रिलेशन’ म्हणजे दोन तक्त्यांमधली रेघ नव्हे. ते गणितातलं, संचांच्या प्रकरणात आपण अकरावीला शिकवतो ते रिलेशन आहे. कॉड यांच्या लेखी तक्ता हाच रिलेशन! तक्त्यातक्त्यांत तार नाही, खिळा नाही. एका तक्त्यातली किंमत दुसऱ्यातल्या किमतीशी जुळते, एवढाच दुवा. त्याआधीच्या व्यवस्थांमध्ये नोंदी एकमेकींना आतून बांधलेल्या असत आणि त्या वाटेनेच माहिती काढावी लागे. कॉड यांनी ती बांधणी सोडवली. कोणताही रकाना कोणत्याही रकान्याशी ताडून पाहण्याची मुभा मिळाली. मात्र यंत्राला अर्थ कळत नाही. तुम्ही सांगितलंत तर ते मुलाचा हजेरी क्रमांक जमिनीच्या गट क्रमांकाशीही बिनतक्रार जुळवून देईल.

एक उदाहरण घेऊ. समजा, निलंग्यातल्या एखाद्या शाळेत संगणकाची आवड असलेल्या सरांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी अ‍ॅक्सेसमध्ये निकालाचा डेटाबेस केला. सर निवृत्त झाले, फाईल कार्यालयातल्या संगणकावर राहिली. आता कोणी जुना विद्यार्थी गुणांची नोंद मागायला आला की नव्या बाई ती फाईल उघडतात. आत दोन तक्ते आहेत. ‘विद्यार्थी’ तक्त्यात जनरल रजिस्टर क्रमांक, नाव, प्रवेशाची तारीख, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक. ‘निकाल’ तक्त्यात वर्ष, इयत्ता, तुकडी, नुसता ‘क्रमांक’, विषय आणि गुण. रिलेशनशिप्सची खिडकी कोरी.

निकालातला हा ‘क्रमांक’ कोणता? बाईंनी तो हजेरी क्रमांकाशी जोडला, इयत्ता-तुकडीही जोडली. यादी झटकन आली. एकही ओळ पोरकी राहिली नाही, म्हणजे प्रत्येक निकालाला कोणी ना कोणी विद्यार्थी मिळाला. पुस्तकी कसोटीनुसार नातं सिद्ध झालं. पण आठवी ‘अ’मध्ये २३ क्रमांकाचा मुलगा दर वर्षी असतोच! हजेरी क्रमांक दर जूनला बदलतात. २००९ सालचे २३ क्रमांकाचे गुण आज त्या बाकावर बसलेल्या मुलाच्या नावावर चढले. आकडे जुळले, माणूस चुकला. नॉर्थविंडमध्ये हे कधीच घडत नाही, कारण तिथली एकही ओळखखूण दर वर्षी नव्याने वाटली जात नाही.

मग ओळखायचं कसं? त्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा पाहावा. तो ६४ असेल तर हजेरी क्रमांक, ४,८१२ असेल तर बहुधा जनरल रजिस्टर क्रमांक. जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर हजारांत जातं, वर्गाची हजेरी जात नाही. मग त्याच वर्षी, त्याच विषयात तोच क्रमांक दोनदा येतो का, हे मोजावं. आणि तारखा ताडाव्यात : ज्याचा प्रवेश २०१८ सालचा, त्याचा निकाल २००९ सालचा असेल तर नातं खोटं. यातली एकही गोष्ट अवघड नाही. तरी शिकवण्याच्या क्रमात तिला जागा नाही, कारण नमुन्यात तिची गरजच पडत नाही.

इथे अ‍ॅक्सेसचा एक आगाऊपणाही सांगितला पाहिजे. दोन तक्त्यांत एकाच नावाचे आणि एकाच जातीचे रकाने असतील आणि त्यातला एक प्रायमरी की असेल, तर क्वेरी तयार करताना तो आपण होऊन रेघ मारतो. सरांनी दोन्हीकडे ‘क्रमांक’ असंच नाव दिलं असतं तर बाईंना रेघ आयती मिळाली असती. आडनाव एक म्हणून भाऊबंद ठरवण्यासारखं हे झालं.

याउलट, एक उपयोगी खोडही त्याच्यात आहे. रेघेच्या टोकांना १ आणि अनंत ही चिन्हं फक्त ‘रेफरेन्शियल इंटिग्रिटी’ची सक्ती केलेली असेल तरच दिसतात. नुसती रेघ म्हणजे केवळ सूचना. तिच्या आधाराने चुकीची नोंद अडवली जात नाही. फाईलची प्रत काढावी आणि प्रतीवर ही सक्ती चालू करून पाहावी. एखादा निकाल विद्यार्थ्याविना असेल तर अ‍ॅक्सेस सक्ती लावायला नकार देतो. हा नकार म्हणजे फुकटची तपासणी. पोरक्या ओळी कोणत्या, हे ‘फाइंड अनमॅच्ड क्वेरी विझार्ड’ दाखवतो. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की रकाना रिकामा असेल तर ती ओळ सक्तीतूनही सुटते, आणि मघाच्या २३ क्रमांकासारखी चूक या चाळणीत अडकतच नाही.

आणि समजा ठरलं की तो हजेरी क्रमांकच आहे. मग २००९ साली आठवी ‘अ’मध्ये २३ क्रमांक कोणाचा होता, हे त्या फाईलमध्ये कुठेच नाही. ते त्या वर्षीच्या हजेरीपत्रकात आहे. या डेटाबेसचा तिसरा तक्ता कार्यालयातल्या कपाटात, कागदावर आहे. कपाटही रद्दीत गेलं असेल तर ते नातं परत मिळवता येणार नाही, सॉफ्टवेअर कितीही नवं आणलं तरी.

काळ हा नॉर्थविंडचा सर्वांत कच्चा विषय. भावाच्या बाबतीत त्याने तो सांभाळला, पण तेवढ्याने भागत नाही. निलंग्याचंच पाहा. हा तालुका हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यात गेला. उस्मानाबादचं नावही २०२३ साली धाराशिव झालं. शाळेच्या जुन्या रजिस्टरांत जन्मस्थळापुढे ‘निलंगा, जि. बिदर’, ‘जि. उस्मानाबाद’ आणि ‘जि. लातूर’ अशा तिन्ही नोंदी सापडू शकतात, आणि तिन्ही बरोबर. ‘एका तालुक्याला एक जिल्हा’ अशी रेघ मारून जुन्या नोंदी लातूरला जुळवून घेणारा हुशार विद्यार्थी खऱ्या नोंदी खोट्या करील. तालुका आणि जिल्हा यांच्यामध्ये ‘केव्हापासून केव्हापर्यंत’ सांगणारा आणखी एक तक्ता हवा.

हे किती महत्त्वाचं ठरतं ते मराठवाड्याने नुकतंच पाहिलं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी निजामकाळापासूनची जुनी दप्तरं शोधली गेली. तिथेही नोंद सापडणं हे अर्धंच काम होतं. त्या नोंदीतलं नाव आजच्या माणसापर्यंत वंशावळीने पोचवावं लागतं. वंशावळ हा त्या दोन नोंदींमधला जोडतक्ता आहे, आणि मधली एक पिढी गाळली गेली की दोन्ही टोकांच्या नोंदी अस्सल असूनही उपयोगाच्या राहत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी, की नॉर्थविंड दोन तासांत आटोपावं आणि उरलेले तास तलाठ्याच्या दप्तराला द्यावेत. गाव नमुना ७ म्हणजे गटाची किंवा सर्व्हे नंबरची नोंद. त्यात भोगवटादार, क्षेत्र आणि फेरफाराचे क्रमांक. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही मिळून आपला सातबारा. नमुना ८-अ खातेदारानुसार, म्हणजे एका खात्यावर कोणकोणत्या गटांत किती जमीन आहे ते. नमुना ६ म्हणजे फेरफारांची नोंदवही, आणि वारसांच्या प्रकरणांसाठी ६-क.

यात काय नाही? एका खात्यावर अनेक गट असतात आणि एका गटात अनेक खाती असू शकतात. अनेकांचं अनेकांशी नातं शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. समजा गट ११२ मध्ये ३१ आणि ४७ या दोन खात्यांचं प्रत्येकी १ हेक्टर २० आर आहे, आणि गट २०५ मध्ये खाते ३१ चे ८० आर. मग खाते ३१ च्या ८-अ वर २ हेक्टर आलंच पाहिजे. नाही आलं तर कुठला तरी फेरफार एका नमुन्याला लागला आणि दुसऱ्याला लागला नाही. फेरफार क्रमांक ३१८ नुसता सांगून भागत नाही, गाव सांगावं लागतं. कारण हे क्रमांक गावागावाला वेगळे सुरू होतात. ओळखखूण दोन रकान्यांची मिळून होते, हे इथे आपोआप समजतं. शिक्षकांना आपल्या शाळेच्या अकरा अंकी यू-डायस क्रमांकाचीही आठवण होईल. त्यातले शेवटचे दोन अंक शाळेचे. पण राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव यांच्या अंकांशिवाय ते दोन अंक काहीच सांगत नाहीत.

हस्तलिखित सातबाऱ्यावरची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे कंस. जमीन विकली गेली किंवा खातेदार वारला, तर त्याचं नाव खोडून टाकत नसत. नावाला कंस करत आणि नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. तो क्रमांक घेऊन नमुना ६ उघडला की काय घडलं ते वाचता येतं. अ‍ॅक्सेसमध्ये ‘कॅस्केड डिलीट’ नावाची सोय आहे : एक ग्राहक काढला की त्याच्या सगळ्या ऑर्डरी आपोआप नाहीशा. दप्तर सांभाळणाऱ्या कोणाही अव्वल कारकुनाच्या अंगावर हे ऐकून काटा येईल.

दप्तर निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. नावांची स्पेलिंगं पानोपानी बदलतात, एकाच माणसाची दोन खाती निघतात, पोटहिश्शांचे क्रमांक कधी ‘अ-ब’, कधी ‘१-२’. पण वारशाने येणारा डेटाबेस असाच असतो, आणि शिकण्यासाठी तोच हवा.

वर्गात करायचं तर मुलांना घरचा ८-अ आणि त्यावरच्या गटांचे सातबारे आणायला सांगावेत. सातबारा महाभूलेखवरही पाहता येतो. नावांच्या जागी ‘क’, ‘ख’ अशी अक्षरं घालून घ्यावीत. एकमेकांची जमीन किती हा वर्गातल्या चर्चेचा विषय नव्हे. ज्यांच्या घरी जमीनच नाही, त्या मुलांना शाळेचं हजेरीपत्रक आणि जनरल रजिस्टर द्यावं, तेही तितकंच कसदार आहे. मग प्रत्येकाने कागदावर तक्ते आखून रेघा माराव्यात, आणि प्रत्येक रेघेखाली ती कशावरून मारली ते एका ओळीत लिहावं. ‘नाव सारखं आहे म्हणून’ असं उत्तर आलं, तर ती रेघ खोडरबराने पुसायला लावावी.