सुपरहिरो कॉमिक्समधील विनोद आणि स्त्रीप्रतिमा

मराठी कुमार वाचकाला अतिमानवी नायकाचा परिचय प्रामुख्याने इंद्रजाल कॉमिक्समधून झाला. १९६४ ते १९९० या काळात मुंबईहून निघालेल्या या मालिकेने ली फॉकच्या ‘फँटम’ला ‘वेताळ’ हे नाव दिले. गावकुसाबाहेरच्या भुतांच्या अधिपतीचे हे नाव मराठी मनाला भय आणि आधार या दोन्ही अर्थांनी परिचित होते. या कथांतील वेताळ क्वचितच हास्यास्पद होतो. डायना पामर मात्र संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी, धाडसी स्त्री असूनही कथानकाला गती देण्यासाठी तिचे वारंवार अपहरण व्हावे लागते. तिचे कर्तृत्व सांगितले जाते. दाखविले जाते ते तिचे संकट.

प्राण यांच्या ‘चाचा चौधरी’त (१९७१) हाच साचा विनोदाच्या वाटेने येतो. चाचाची बुद्धी संगणकापेक्षा वेगवान, साबूचे बळ परग्रहावरचे; बिनीच्या हाती लाटणे आणि मनात दागिन्यांचा हव्यास. वस्तुतः घरात शिरलेल्या चोराला तीही झोडपते. परंतु साबूचा ठोसा पराक्रम ठरतो आणि बिनीचे लाटणे हशा पिकवते. एकच कृती पुरुषाने केल्यास शौर्य आणि स्त्रीने केल्यास गंमत, या भेदाकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. कजाग बायकोचे पात्र आपल्या वगनाट्यांत आणि चित्रपटांतही इतके रुळलेले आहे की वाचकाला त्यात काही खटकतही नाही.

वसंत हळबे यांनी रेखाटलेला ‘टिंकल’मधील शिकारी शंभू (१९८३) वरकरणी याला अपवाद वाटतो. डोळ्यांवर टोपी ओढलेला हा भित्रा शिकारी केवळ योगायोगाने शूर ठरतो. येथे पुरुषी शौर्याचीच थट्टा आहे, हे खरे. तथापि पुरुषाने भिऊ नये हा दंडक मान्य असल्याखेरीज हा विनोद उमगतच नाही. विडंबन साच्यावर हसते, पण त्याच्याच आधाराने उभे राहते. त्याच मासिकात २०१५ मध्ये आलेली मिझोरामची ‘विंगस्टार’ अधिक मोकळी वाटते. वडिलांच्या यंत्रांमुळे सामर्थ्य लाभलेल्या या मुलीला जग वाचविण्याचा कंटाळा येतो. येथील विनोद तिच्या वयातून येतो, तिच्या स्त्रीत्वातून नव्हे.

विनोदाचे कर्तेपण स्त्रीच्या हाती गेल्यास काय घडते, याचे उत्तर कॉमिक्सपेक्षा कडेगावच्या आसपासच्या इतिहासात अधिक ठळकपणे सापडते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील (मृत्यू २०२१) प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होत्या. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचे सोंग घेतले. ‘नवरा’ होता एक सहकारी. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि इकडे साथीदारांनी ठाण्यातील शस्त्रे लांबविली. सोंग वठविण्यासाठी बसलेला मार मात्र खरा होता, असे हौसाताई पुढे सांगत.

बिनीचे लाटणे आणि हे भांडण यांचा साचा एकच आहे: नवरा-बायकोची कटकट, म्हणजे बघ्यांची करमणूक. फरक इतकाच की भवानीनगरला बघे पोलीस होते, आणि आपण काय पाहत आहोत हे त्यांना बंदुका गेल्यावर कळले.