धिरा भिंतीला, धिऱ्याला कोण?

सोलापूरच्या श्रोत्यांपुढे चर्चच्या भिंतींवर बोलायचं, म्हणजे पहिला प्रश्न येणार: हा विषय आपला आहे का? म्हणून सुरुवात इथून शंभर किलोमीटरवरच्या गोल घुमटापासून करू. शाळेच्या सहलीत तिथे जाऊन आपण सगळेच कुजबुजून आलोय. पण आवाजाच्या नादात वर बघायचं राहून जातं. आतून सुमारे 38 मीटर व्यासाचा घुमट, आणि मध्ये एकही खांब नाही.

दगडी कमान किंवा घुमट नुसता खाली दाबत नाही, तो बाहेर रेटतोही. गुळगुळीत फरशीवर शिडी भिंतीला टेकवली की तिचे पाय बाहेर सरकतात, तसंच हे. हा रेटा कुठेतरी अडवावा लागतो. विजापूरच्या कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभारल्या, दगडाचं ओझं आतल्या बाजूला झुकवलं आणि त्या ओझ्यानं घुमटाचा रेटा तोलला. फ्रान्समधल्या गॉथिक कॅथेड्रलांचा मार्ग वेगळा. त्यांना भिंतीत मोठाल्या रंगीत काचा हव्या होत्या. मग भिंत हलकी केली आणि रेटा बाहेर नेला. थोड्या अंतरावर एक भक्कम दगडी धिरा, आणि त्याच्यापासून भिंतीपर्यंत टाकलेली अर्धी कमान. इंजिनिअर मंडळी याला फ्लाइंग बट्रेस म्हणतात.

आता यातली गंमत बघा. 2019 साली पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली. त्यानंतर या धिऱ्यांच्या कमानींखालीच लाकडी आधार द्यावे लागले. कारण भिंत बाहेर रेटते म्हणून धिरा आत रेटतो. समोरचा रेटा गेला, तर तोच धिरा भिंतीला आत ढकलू शकतो. म्हणजे आधार एकतर्फी नसतो.

हे डोक्यात ठेवून आपण जुन्या गोव्यात येऊ. बॉम जीझस बॅसिलिकेचं काम 1594 मध्ये सुरू झालं आणि 1605 मध्ये ती वापरात आली. समोर उभं राहिलं की डाव्या हाताला जांभ्याचे भलेमोठे धिरे दिसतात. उजव्या हाताला जेझुइटांच्या निवासाची इमारत चर्चला लागूनच आहे, तिकडे शेजारच पाठीशी उभा आहे. पर्यटक धिऱ्यांचे फोटो काढतात, तांबूस उघड्या दगडाचं कौतुक करतात. आमचा आक्षेप याच कौतुकावर आहे.

हा दगड मुळात उघडा नव्हता. त्याच्यावर चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, 1950च्या दशकात, तो काढून टाकला गेला. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण आपण काळ्या दगडाच्या मुलखातले. भुईकोट किल्ल्याची भिंत उघडीच आहे आणि ती तशीच शोभते. पण बेसॉल्ट आणि जांभा यांना एकच माप लावून चालत नाही. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. खुद्द या चर्चच्या दर्शनी भागातल्या नक्षीसाठी वसईचा काळा दगड आणला होता. कुठला दगड उघडा ठेवायचा, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं, असाच याचा अर्थ आम्ही लावतो.

कोणी म्हणेल, कोकणात जांभ्याची घरं उघडी असतातच की! असतात, पण त्यांना खोल वळचण असते, पावसाचा मारा भिंतीपर्यंत फारसा येत नाही. तीन मजली उंचीच्या चर्चला कुठली वळचण पुरणार?

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट ऑगस्टीनचे अवशेष आहेत. 1602 मध्ये बांधलेला तिथला मनोरा सुमारे 46 मीटर उंच. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघांना बाहेर काढलं आणि इमारत ओस पडली. 1842 मध्ये कमानीचं छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. दोनशेहून जास्त पावसाळे काढलेली वास्तू, माणसं गेल्यावर सात वर्षांत छत गमावून बसली. कौलं फिरवणारा, भेगा बुजवणारा, चुना लावणारा गेला, म्हणजे एक धिराच गेला. फक्त तो नकाशात दाखवलेला नसतो.

बॉम जीझसला पुन्हा गिलावा करावा का, यावर गोव्यात जाहीर वाद झालाय. विरोधकांचं म्हणणं आम्ही उडवून लावत नाही. दोन-तीन पिढ्यांनी हे चर्च तांबडंच पाहिलंय, प्रत्येक फोटोत ते तसंच आहे. ही ओळख पुसायची का? आमचं उत्तर असं, की ओळख सत्तर वर्षांची आहे आणि भिंत चारशे वर्षांची. ओळखीसाठी भिंत झिजू देणं बरोबर नाही. अट एकच, गिलावा चुन्याचा हवा, सिमेंटचा नको. सिमेंट आतलं पाणी कोंडून ठेवतं.

पुढच्या वेळी गोव्याला जाल, तेव्हा धिऱ्याचा फोटो जरूर काढा. पण जवळ जाऊन दगडाच्या कडाही बघा. पावसानं त्या किती खाल्ल्यात, ते डोळ्यांनी दिसतं.