फेंग : चिनी शब्दसृष्टीतील वारा

चिनी कोशांत ‘फेंग’ ह्या शब्दाचा पहिला अर्थ वारा असा दिलेला असतो आणि त्याखाली रूढी, शैली, वार्ता, रोग असे अर्थ ओळीने येतात. ‘फेंगसू’ म्हणजे चालीरीती, ‘वेनफेंग’ म्हणजे लेखनाची धाटणी, ‘शांगफेंग’ म्हणजे पडसे. आपल्या बाजारपेठेतही शिरलेले ‘फेंगशुई’ म्हणजे शब्दशः वारा-पाणी. ही यादी पाहून मूळ प्रतिमा केव्हाच निष्प्राण झाली आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. सुटा शब्द हाती घेतला तर तो खराही वाटतो. ग्रंथगत संदर्भांत मात्र तो टिकत नाही. वाहणारा कोण आणि वाकणारा कोण, हा प्रश्न त्या एका शब्दाने दोन सहस्रकांहून अधिक काळ जागता ठेवला आहे.

लिपीच्या आधारे ह्या शब्दाचे रहस्य उकलू पाहणाऱ्यांचा मार्ग आम्हांस ग्राह्य वाटत नाही. पारंपरिक चिन्हात ‘किडा’ हा घटक आहे, इ. स. १०० च्या सुमारास रचलेल्या आपल्या कोशात शू शेन ह्याने वारा सुटला की किडे उपजतात, असा त्याचा उलगडा केला. परंतु त्याहून कितीतरी प्राचीन अशा अस्थिलेखांत वाऱ्यासाठी एका दिव्य पक्ष्याचे चिन्ह, केवळ ध्वनिसाम्यामुळे, उसने घेतलेले आढळते. किडा मागाहून आला. सुलभीकृत लिपीत तर तो उरलेलाही नाही.

खरा पुरावा वाङ्मयात आहे. बेकायदा वागणाऱ्यांना ठार करावे काय, असे लू राज्यातील एका सत्ताधीशाने विचारले असता कन्फ्यूशियसने राज्यकर्त्याच्या शीलाला वाऱ्याची आणि सामान्यांच्या शीलाला गवताची उपमा दिली. वारा जाईल तिकडे गवत लवते. येथे प्रवाह वरून खाली आहे. ‘शिजिंग’ ह्या काव्यसंग्रहातील ३०५ कवितांपैकी १६० कविता ज्या विभागात आहेत, त्याचे नावही ‘राज्यांचे फेंग’ असेच आहे. आणि त्या ग्रंथाची प्राचीन प्रस्तावना ह्याच शब्दाला दोन तोंडे देते. वरचे खालच्यांना फेंगने घडवितात, खालचे वरच्यांना फेंगनेच बोचतात. ह्या दुसऱ्या अर्थासाठी पुढे ‘वाणी’ हा घटक जोडलेले, उपरोधवाचक असे निराळे चिन्ह रूढ झाले.

सुंग यू ह्याच्या नावावर असलेल्या ‘वाऱ्याचे वर्णन’ ह्या गद्यकाव्यात तर ही बोच मूर्तिमंत झाली आहे. छू देशाचा राजा झुळूक अंगावर घेत म्हणतो की, हा वारा माझा आणि प्रजेचा सारखाच. कवी उत्तरतो की नाही. महाराजांचा वारा उद्यानातून येतो, प्रजेचा गल्लीतील धूळ व घाण घेऊन येतो आणि रोग देतो. स्तुतीच्या आवरणातील इतकी निर्भीड टीका क्वचितच आढळते. ‘पोकळ बिळातून वारा येतो’ हा वाक्प्रचारही ह्याच रचनेतला. बीळ आहे म्हणून वारा येतो, म्हणजे वार्तेला काही कारण असते, हा त्याचा मूळ आशय. आज तो बहुधा ‘निराधार अफवा’ अशा नेमक्या उलट अर्थाने वापरला जातो.

मराठीतही वारा प्रभाववाचक आहे. परंतु मुलाला शहराचे वारे लागले, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तक्रार असते. वारा बाहेरचा आणि बिघडविणारा. ‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही म्हण आणि ‘वारा पाहून सुकाणू फिरविणे’ हा चिनी वाक्प्रचार एकाच कुळातले खरे, पण राज्यकारभाराचे साधन म्हणून वारा मराठीने कल्पिलेला नाही.

म्हणूनच ‘चेंगफेंग’ ह्या संज्ञेचे ‘कार्यशैली-सुधारणा’ असे भाषांतर आम्हांस अपुरे वाटते. फेब्रुवारी १९४२ मध्ये येनान येथे माओ ह्यांनी अभ्यासाचा, पक्षाचा व लेखनाचा असे तीन ‘फेंग’ दुरुस्त करावयाचे म्हटले, तेव्हा प्रवाह वरून खालीच होता. १९५७ च्या वसंतात त्याच नावाने खालून टीका मागविण्यात आली. जूनमध्ये दिशा पालटली, आणि पुढे अधिकृत गणनेनुसार साडेपाच लाखांवर माणसांवर ‘उजवे’ असा शिक्का बसला. ‘शैली’ ह्या शब्दात ही उलटापालट दिसत नाही. ‘वारा’ म्हटले की दिसते.