मरणाधीन वीर आणि निश्चिंत देव : ग्रीक महाकाव्यातील मूल्यांचा विचार

प्राचीन ग्रीक महाकाव्य म्हणून आज जे हाती आहे, ते मूळ परंपरेच्या मानाने फार थोडे आहे. होमरच्या नावावर चालत आलेली ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही दोन काव्ये इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकाच्या सुमारास आकाराला आली आणि टिकली. ट्रॉयच्या युद्धाची उरलेली कथा सांगणारी, एकत्रितपणे ‘महाकाव्यचक्र’ म्हणून ओळखली जाणारी काव्ये मात्र जवळजवळ नामशेष झाली असून त्यांचे कथानक मुख्यतः प्रोक्लस या लेखकाने केलेल्या सारांशांवरून कळते. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने 1928 मध्ये पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधांत होमरची ठरावीक विशेषणे आणि पदबंध हे परंपरेने घडवलेले, छंदात चपखल बसणारे साचे असल्याचे दाखवले आणि पुढे युगोस्लाव्हियातील निरक्षर गायकांचा अभ्यास करून मौखिक काव्यनिर्मितीची उपपत्ती मांडली. या शोधाचा एक अनिष्ट परिणाम असा झाला, की साच्यांतून बोलणारा कवी साच्यांतूनच विचार करत असणार आणि त्याच्या वीरांची नीतीही तशीच ठरीव असणार, अशी समजूत काही काळ बळावली. प्रत्यक्ष काव्य या समजुतीला साथ देत नाही.

‘इलियड’मधील वीराचे जग ‘तिमे’, म्हणजे मान, आणि ‘क्लेऑस’, म्हणजे मागे उरणारी, गाण्यातून ऐकू येणारी कीर्ती, या दोन मूल्यांवर उभे आहे. मान ही केवळ मनातली भावना नसून ती सर्वांना दिसेल अशा वस्तूंत मोजली जाते. लुटीतून सैन्याने वीराला दिलेला मानाचा वाटा, ज्याला ‘गेरास’ म्हणतात, हे त्या मापाचे ठळक उदाहरण होय. म्हणूनच ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन याने अकिलीसच्या वाट्याला आलेल्या ब्रिसेइसला हिसकावून नेले, तेव्हा अकिलीसचा केवळ स्नेहभंग झाला नाही, तर सबंध सैन्यादेखत त्याची किंमत कमी केली गेली. त्या स्त्रीला मात्र या हिशेबात कोणी विचारत नाही, हे कवीने लपवलेले नाही, कारण एकोणिसाव्या सर्गात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर विलाप करताना ती स्वतःच आपली हकिकत सांगते.

या मूल्यव्यवस्थेची खरी कसोटी नवव्या सर्गात लागते. पराभवाने खचलेला ॲगमेम्नॉन अकिलीसला सात तिवया, दहा टॅलेंट सोने, वीस कढया, शर्यती जिंकणारे बारा घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, खुद्द ब्रिसेइस आणि पुढे स्वतःची एक मुलगी व सात नगरे देऊ करतो. हिशेबाने पाहिले तर ही भरपाई पुरेशीच नव्हे, तर सढळ आहे. परंतु त्या देकाराच्या शेवटी अकिलीसने आपल्यापुढे नमावे, कारण आपण अधिक मोठे राजे आहोत, अशी मेख ॲगमेम्नॉनने मारून ठेवलेली असते. निरोप पोचवणारा धूर्त ओडिसियस यादी जशीच्या तशी म्हणून दाखवतो आणि तेवढे शेवटचे वाक्य गाळतो. तरीही अकिलीस नकार देतो, आणि तो देताना अवघ्या व्यवस्थेच्या मुळावर घाव घालतो : लूट पुन्हा मिळवता येते, गेलेला प्राण परत आणता येत नाही, मग भेकड आणि शूर यांना सारखेच मरण येणार असेल तर मानाच्या वाट्याला अर्थ काय उरतो? मात्र हा नकार वाटतो तितका अढळ नाही. ओडिसियसला तो उद्याच मायदेशी निघत असल्याचे सांगतो, वृद्ध फीनिक्सला निघायचे की नाही ते सकाळी ठरवू म्हणतो, आणि भेटींचा नव्हे तर मैत्रीचा हवाला देणाऱ्या एजॅक्सच्या चार सरळ शब्दांनंतर, ट्रॉयचा वीर हेक्टर जहाजांपर्यंत पोचेतो लढणार नाही, एवढ्यावर येतो. परतल्यावर ओडिसियस ॲगमेम्नॉनला यांतले फक्त पहिले उत्तर कळवतो. साच्यांत अडकलेल्या कवीकडून इतकी बारीक पायरी-पायरीची रचना संभवत नाही.

ए. डब्ल्यू. एच. ॲडकिन्स यांनी 1960 मध्ये असा पक्ष मांडला, की होमरच्या समाजात यश आणि पराक्रम या स्पर्धात्मक मूल्यांपुढे न्याय, संयम यांसारखी सहकाराची मूल्ये दुबळी ठरतात. ह्यू लॉइड-जोन्स यांनी 1971 मध्ये याला उत्तर देत ‘इलियड’मध्येही झ्यूसच्या न्यायाची कल्पना जिवंत असल्याचे प्रतिपादन केले. दोन्ही पक्षांकडे पुरावे आहेत, परंतु दोघेही काव्यात नियम शोधतात, आणि काव्य मात्र नियमांविषयीचा वाद रंगवते. बर्नार्ड विल्यम्स यांची 1993 मधील मांडणी अधिक पटणारी आहे : होमरच्या वीरांची लाज, ‘आयदोस’, ही केवळ लोक काय म्हणतील याची भीती नसून ज्यांच्या नजरेला वीर मान देतो त्यांची ती आत मुरलेली नजर असते. बाविसाव्या सर्गात वेशीबाहेर एकटा उभा असलेला हेक्टर पॉलिडॅमसचा सल्ला न ऐकल्याने झालेला सैन्याचा नाश आठवतो आणि आत जाण्यास धजत नाही. येथे लोकलाज आणि स्वतःच्या चुकीची जाणीव वेगळी काढता येत नाही.

देवांविषयी तक्रार फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झेनोफनीसने होमर आणि हेसिअड यांनी चोरी, व्यभिचार आणि फसवणूक देवांच्या माथी मारल्याचा दोष दिला, आणि प्लेटोने आदर्श नगरीत अशा कथांना मज्जाव केला. नैतिक आक्षेप म्हणून तो खराच आहे : चौथ्या सर्गात ट्रॉयचा नाश पदरात पडावा म्हणून हेरा आपली लाडकी आर्गोस, स्पार्टा आणि मायसीनी ही नगरे झ्यूसला वाटेल तेव्हा उद्ध्वस्त करायला बिनदिक्कत मोकळी करून देते. परंतु या निश्चिंतपणाला कलेच्या दृष्टीने काम आहे. पाचव्या सर्गात डायोमिडीसच्या भाल्याने अफ्रोडाइटीचा हात जखमी होतो, आई तिची समजूत काढते आणि जखम भरून येते. मरण नसलेल्यांची लढाई अशी खेळापलीकडे जात नाही. जे गमावता येत नाही ते पणाला लावता येत नाही, म्हणून देव वीर होऊ शकत नाहीत.

हे सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडतो तो लिसियाचा राजा सार्पेडॉन. बाराव्या सर्गात तो ग्लॉकसला सांगतो, की या लढाईतून वाचून कायमचे अजर-अमर होता आले असते, तर आपण पुढल्या फळीत लढलोही नसतो. मरण टळणारच नाही, म्हणून पुढे व्हायचे. गीतेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला येथील अंतर लगेच जाणवेल, कारण अर्जुनाला आत्मा मरत नाही या आधारावर लढायला सांगितले जाते, तर सार्पेडॉनजवळ असा कोणताच आधार नाही. सोळाव्या सर्गात तो पॅट्रोक्लसच्या हातून मरणार असतो, तेव्हा त्याचा पिता झ्यूस त्याला वाचवण्याचा विचार करतो. हेरा बजावते, की मग प्रत्येक देव आपापल्या मुलासाठी हेच करील, आणि झ्यूस रक्ताच्या थेंबांचा पाऊस पाडून गप्प राहतो.

‘ओडिसी’त मूल्यांचा तोल बदलतो. आरंभीच झ्यूस कुरकुरतो, की माणसे स्वतःच्या मूर्खपणाने ओढवलेल्या दुःखाचेही खापर देवांवर फोडतात. येथे कळीचे मूल्य आहे ‘क्सेनिया’, यजमान आणि पाहुणा यांच्यातील परस्परबंधन; राक्षस पॉलिफीमस आणि ओडिसियसची पत्नी पेनेलोपी हिचे 108 प्रार्थी ते मोडतात आणि शिक्षा भोगतात. मात्र निवाडा वाटतो तितका सरळ नाही. सुटका झाल्यावर केवळ कीर्तीच्या हौसेने आपले खरे नाव ओरडून सांगणारा ओडिसियस त्या राक्षसाचा शाप स्वतःवर आणि सोबत्यांवर ओढवून घेतो, आणि बाविसाव्या सर्गातील बारा दासींची फाशी कोणत्याही न्यायकल्पनेत सहज बसत नाही. पाताळात भेटलेला अकिलीस तर मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा गरिबाच्या शेतावर राबणारा गडी होणे बरे म्हणतो. ‘ओडिसी’च्या कवीने ‘इलियड’ला दिलेले हे बोचरे उत्तर आहे.

पुढील काळात हा ताण सैल होत गेला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अपोलोनियसने रचलेल्या ‘आर्गोनॉटिका’त खलाशी नेता म्हणून हेराक्लीसकडे बोट दाखवतात आणि तोच जेसनचे नाव पुढे करतो, अडचणीत हतबल होणारा हा नायक अग्निश्वासी बैल जुंपतो तेही जादूगार मीडियाच्या औषधीच्या बळावर. तिसऱ्या सर्गातील मीडियाच्या मनाची घालमेल हे या काव्याचे खरे यश, आणि ते वीरकाव्याच्या जुन्या चौकटीबाहेरचे आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात इजिप्तमधील नॉनसने ‘डायोनिसियाका’ लिहिले. त्यात डायोनिसस हिंदुस्थानावर स्वारी करून डेरियाडीस या राजाशी लढतो, आणि त्याचे सर्ग 48, म्हणजे होमरच्या दोन्ही काव्यांच्या सर्गांइतके आहेत. भाषेचा डौल, कल्पनेची भरारी, विद्वत्ता यांत ते कुठेही कमी पडत नाही; पण त्याचा नायक शेवटी ऑलिंपसवर देवांच्या पंक्तीला जाऊन बसणार हे ठरलेलेच असल्याने, सार्पेडॉनला पडलेला प्रश्न या काव्यात उद्भवतच नाही, आणि वीरकाव्य म्हणून ते तेथेच अपुरे पडते.