जीवनगौरवाचा निकष : जे. सी. डॅनियल पुरस्काराच्या संदर्भात

केरळ शासनाने १९९२ साली सुरू केलेला जे. सी. डॅनियल पुरस्कार हा मल्याळम चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च जीवनगौरव होय. मल्याळममधील पहिला मूकपट ‘विगतकुमारन’ निर्माण करणारे डॅनियल दुसरा चित्रपट करू शकले नाहीत. १९७५ साली विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. दीर्घ कारकिर्दीचा गौरव करणाऱ्या पुरस्कारास एकाच चित्रपटाच्या कर्त्याचे नाव असावे, हा अंतर्विरोध लक्षणीय आहे. त्यातून शासनाने एका उपेक्षेची उशिरा का होईना, भरपाई केली.

तथापि ही भरपाई अपुरी वाटते. याच मूकपटात नायर स्त्रीची भूमिका करणाऱ्या दलित अभिनेत्री पी. के. रोझी यांना सवर्णांच्या रोषामुळे गाव सोडावे लागले. त्यांचा अभिनय तेथेच संपला. पुढे या पुरस्काराचा मान प्रथमच एका स्त्रीला, आरन्मुला पोन्नम्मा यांना, मिळाला तो २००५ साली. पुरस्कारप्राप्त कलावंतांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु कारकिर्दीचा विस्तार हाच निकष मानल्यास, जिची कारकीर्द समाजानेच खुंटवली तिची नोंद कोठे होणार? जीवनगौरवाची चिकित्सा या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवी.