सामू 7 म्हणजे उदासीन? साखर कारखान्याच्या बॉयलरच्या संदर्भात एक समीक्षात्मक टिपण

प्रास्ताविक

पदवी वर्गात आम्ल-आम्लारी हे प्रकरण शिकविताना 25 अंश सेल्सिअसचे कोष्टक प्रमाण मानले जाते. उदासीन पाण्याचा सामू 7, अ‍ॅसिटिक आम्लाचा पीकेए 4.76. हे आकडे अचूक आहेत. परंतु त्यांची मर्यादा न सांगणे हा अध्यापनातील दोष होय. सातारा व सांगली या ऊसपट्ट्यातील जिल्ह्यांत तो विशेष जाणवतो. कारण येथील रसायनशास्त्राच्या पदवीधराला साखर कारखान्याची प्रयोगशाळा हे नोकरीचे जवळचे क्षेत्र आहे.

विवेचन

सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये दाब 67 बार असेल, तर पाणी सुमारे 283 अंशांवर उकळते. 250 अंशांजवळच पाण्याचा आयनी गुणाकार 25 अंशांच्या तुलनेत शेकडो पटींनी वाढलेला असतो आणि उदासीन सामू सुमारे 5.6 होतो. तरीही हे पाणी आम्लधर्मी नसते. त्यात हायड्रोनियम व हायड्रॉक्साइड आयन समप्रमाणातच असतात. याच तापमानाला पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 78 वरून सुमारे 27 पर्यंत उतरतो. परिणामी अ‍ॅसिटिक आम्ल अधिक क्षीण होते. अमोनियाही आम्लारी म्हणून क्षीण होतो. तात्पर्य, पाण्याचे विचरण वाढते, तर त्यात विरघळलेल्या कार्बनी आम्लाचे घटते. ‘तापलेले पाणी म्हणजे सौम्य आम्ल’ हे प्रचलित विधान म्हणूनच अर्धसत्य ठरते.

कंडेन्सेटबरोबर साखरेचा अंश बॉयलरमध्ये गेल्यास तिचे विघटन होऊन फॉर्मिक, अ‍ॅसिटिक, लॅक्टिक यांसारखी आम्ले तयार होतात, पाण्याची अल्कता खर्ची पडते आणि नळ्या गंजण्याचा धोका उद्भवतो. अल्फा-नॅफ्थॉल चाचणीने कंडेन्सेट तपासण्याचे महत्त्व यातच आहे. मात्र बॉयलरच्या पाण्याचा सामू थंड केलेल्या नमुन्यावर मोजतात. नियंत्रणासाठी तो आकडा उपयुक्त असला, तरी तो बॉयलरमधील प्रत्यक्ष सामू नव्हे. हा भेद न कळलेला विद्यार्थी चाचणी बिनचूक करील. परंतु तिचा अर्थ लावू शकणार नाही.

समारोप

यासाठी नवा अभ्यासक्रम आखण्याची गरज नाही. प्रत्येक स्थिरांकापुढे तापमान लिहिणे, आयनी गुणाकाराचा तापमानाशी आलेख काढून घेणे आणि गळीत हंगामात कारखान्याची एक अभ्यासभेट आयोजित करणे, एवढे प्राध्यापकांच्या हाती आहे. कोष्टकाची मर्यादा शिकविणे हादेखील रसायनशास्त्राचाच भाग आहे.